बाण पाठ करण्यापेक्षा ओढ मोज

दिंडोरीकडच्या एका अकरावीतल्या मुलाचा प्रश्न आहे. दहावी मराठी माध्यमातून झाली, आता सायन्स घेतलंय. आवर्तसारणीतले बाण त्याला पाठ आहेत: आवर्तात, म्हणजे आडव्या ओळीत, उजवीकडे गेलं की अणू लहान होतो, आयनीभवन ऊर्जा (अणूतून बाहेरचा इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) वाढते, गणात, म्हणजे उभ्या रांगेत, खाली उतरलं की उलट. तरी चाचणीत गुण गेले, कारण प्रश्न सगळे अपवादांवर आले. नायट्रोजनची आयनीभवन ऊर्जा ऑक्सिजनपेक्षा जास्त का? गॅलिअम ॲल्युमिनिअमच्या खाली असूनही लहान कसं? इलेक्ट्रॉन घेण्यात क्लोरिन फ्लोरिनच्या पुढे कसा? तो विचारतो, "मॅडम, अशा अपवादांची पूर्ण यादी मिळेल का? आणि बाबा विचारतात, आपल्या द्राक्षबागेत याचा काय उपयोग?"

यादी देत नाही. माझ्याकडे ती नाही, आणि असती तरी दिली नसती. नाशकात माती, पाणी आणि पानदेठ तपासण्यात माझी चोवीस वर्षं गेली. या काळात बाण एकदाही आठवावे लागले नाहीत. त्यांच्यामागची गोष्ट मात्र दर आठवड्याला लागते. ती एकच आहे. सगळ्यात बाहेरच्या इलेक्ट्रॉनला केंद्रक किती जोराने ओढतंय आणि तो किती लांब आहे? एवढं विचारलंस की तुझे निम्मे अपवाद अपवाद राहत नाहीत.

आधी ओढ बघू. सिंहस्थात रामकुंडावर गेला असशील तर आठव. कुंड समोर आहे, पण तुझ्या पुढे माणसांच्या रांगाच रांगा. पुढच्या रांगा दृश्य अडवतात. तुझ्या शेजारी खांद्याला खांदा लावून उभा असलेला माणूस फारसा अडवत नाही. त्याचं कोपर लागतं, एवढंच. अणूत नेमकं हेच होतं. आतल्या कवचांतले इलेक्ट्रॉन केंद्रकाची ओढ अडवतात, त्याच कवचातले सोबती जेमतेम अडवतात. स्लेटर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९३० साली याचे ढोबळ आकडे बांधून दिले: त्याच कवचातला सोबती ०.३५ अडवतो, लगेच आतल्या कवचातला ०.८५, आणि त्याही आतला पुरता १.

आता हे वहीत करून बघ, नुसतं वाचू नकोस. सोडिअमच्या केंद्रकात ११ प्रोटॉन. बाहेरचा इलेक्ट्रॉन एकटा. लगेच आत ८ आहेत, ते ६.८ अडवतात, त्याच्या आत २, ते २ अडवतात. ११ मधून ८.८ गेले, उरले २.२. क्लोरिनमध्ये १७ प्रोटॉन. आतली दहा माणसं तीच, म्हणून ८.८ तेच, शेजारचे सहा मिळून २.१. उरले ६.१. म्हणजे एकाच आवर्तात चालत जाताना बाहेरच्या इलेक्ट्रॉनवरची ओढ २.२ वरून ६.१ वर गेली, कारण प्रत्येक पावलाला केंद्रकात एक पूर्ण प्रोटॉन वाढतो, पण नवा इलेक्ट्रॉन शेजारी येऊन उभा राहतो, पुढे नाही. अणू आक्रसला, आयनीभवन ऊर्जा चढली. बाणाचं मूळ इथे आहे.

खाली उतरताना काय होतं? पोटॅशिअमसाठी हीच बेरीज केलीस तर पुन्हा २.२ येतात! ओढ तेवढीच, पण इलेक्ट्रॉन एक कवच लांब. म्हणून सोडिअमला ४९६ किलोज्यूल प्रति मोल लागतात आणि पोटॅशिअमला ४१९. (पुढचे ऊर्जेचे आकडे याच एककात आहेत, दर वेळी लिहीत बसत नाही.) मुलं घोकतात की "खाली गेलं की शिल्डिंग (म्हणजे हेच अडवणं) वाढतं म्हणून ओढ कमी होते". ते अर्धवट आहे. प्रोटॉनही तेवढेच वाढलेले असतात. खरा फरक अंतराचा आहे.

आता नायट्रोजन-ऑक्सिजन. इथे जरा थांबू, कारण हा प्रश्न दर वर्षी येतो आणि दर वर्षी पोपटपंची करून सोडवला जातो. "अर्धं भरलेलं उपकवच जास्त स्थिर असतं." परीक्षेत या वाक्याला गुण मिळतात, तेव्हा लिही. पण मला ते वाक्य आवडत नाही, कारण त्यात कारण नाही, नुसतं प्रमाणपत्र आहे. त्यापेक्षा दुसऱ्या आवर्तातले आकडे एका ओळीत मांड:

लिथिअम ५२०, बेरिलिअम ८९९, बोरॉन ८०१, कार्बन १०८६, नायट्रोजन १४०२, ऑक्सिजन १३१४, फ्लोरिन १६८१, निऑन २०८१.

आलेखाच्या कागदावर काढ आणि सगळे बिंदू एका रेषेत जोडायचा हट्ट सोड. तुला तीन जिने दिसतील. पहिला दोन पायऱ्यांचा: लिथिअम, बेरिलिअम. हे एस उपकवचातले, म्हणजे कवचातल्या पहिल्या कप्प्यातले. दुसरा तीन पायऱ्यांचा: बोरॉन, कार्बन, नायट्रोजन. पी उपकवचात तीन खोल्या, प्रत्येकीत एकेक इलेक्ट्रॉन जाऊन बसतो. तिसरा पुन्हा तीन पायऱ्यांचा: ऑक्सिजन, फ्लोरिन, निऑन. आता खोल्या संपल्या, म्हणून चौथ्या इलेक्ट्रॉनला कुणाच्या तरी खोलीत जावं लागतं. दोघेही ऋणप्रभारी, एकमेकांना ढकलणार. ज्याला आधीच ढकललं जातंय त्याला बाहेर काढायला कमी ऊर्जा लागते. तेवढ्यापुरता जिना खाली सरकतो आणि मग परत चढायला लागतो. ऑक्सिजनपासून पुढे चढ कुठे थांबलाय? उलट पायऱ्या अजून उंच झाल्यात. बेरिलिअम ते बोरॉनची घसरणही तशीच: एस संपून पी सुरू झाला, आणि पीमधला इलेक्ट्रॉन सरासरीने केंद्रकाच्या तितका जवळ पोचत नाही. गंमत म्हणजे स्लेटरचा ढोबळ हिशेब एस आणि पी एकाच मापाने मोजतो, म्हणून ही घसरण त्याला दिसत नाही. हिशेब कुठे तोकडा पडतो ते कळणं हाही अभ्यासच.

हे नुसतं गोड वाटतंय की खरंच चालतं, हे तपासायला तिसरं आवर्त घे. ॲल्युमिनिअम ५७८, सिलिकॉन ७८६, फॉस्फरस १०१२, मग गंधक १०००, क्लोरिन १२५१, आर्गॉन १५२०. तेच जिने, त्याच जागी तुटलेले. पण नायट्रोजन ते ऑक्सिजन घसरण ८८ ची होती, फॉस्फरस ते गंधक फक्त १२ ची. का? कारण तिसऱ्या कवचातल्या खोल्या मोठ्या आहेत. दोघे एका खोलीत आले तरी अंग चोरून बसावं लागत नाही. "अर्धं भरलेलं स्थिर" या वाक्यातून हा ८८ आणि १२ मधला फरक काढून दाखव बरं. निघत नाही.

गॅलिअम. याची गोष्ट मला फार आवडते. मेंडेलीव्हने सारणी मांडली १८६९ मध्ये आणि ॲल्युमिनिअमच्या खालची जागा रिकामी ठेवली. त्या न सापडलेल्या मूलद्रव्याला नाव दिलं एका-ॲल्युमिनिअम. हे 'एका' म्हणजे आपलं संस्कृतातलं 'एक'. १८७१ मध्ये त्याने घनताही सांगून टाकली, ५.९ च्या आसपास. १८७५ मध्ये फ्रान्सच्या ल्कॉक द ब्वाबोद्रां या रसायनज्ञाला जस्ताच्या खनिजात ते सापडलं, पण त्याने मोजलेली घनता आली ४.७. मेंडेलीव्हने ते मूलद्रव्य डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं, तरी कळवलं की नमुना शुद्ध नसावा, परत मोजा. परत मोजली. ५.९ आली. आमच्या लॅबमध्ये एखादा आकडा पटला नाही की मी नवीन मुलांना हे सांगते. मोजणाऱ्याच्या हातात यंत्र असतं, तरी कधीकधी कागदावरचा तर्क बरोबर निघतो.

ते लहान का? ॲल्युमिनिअम ते गॅलिअम या वाटेवर मध्ये स्कँडिअम ते जस्त अशी दहा घरं लागतात, म्हणजे दहा जादा प्रोटॉन आणि आत शिरलेले दहा डी इलेक्ट्रॉन (एस, पी नंतरच्या डी उपकवचातले). डी इलेक्ट्रॉन पसरट. पुढे उभे राहिले तरी नीट अडवत नाहीत, फटी राहतात. परिणाम: ॲल्युमिनिअममध्ये बाहेरच्या इलेक्ट्रॉनवर ३.५ ओढ, गॅलिअममध्ये ५.०. कवच एकाने लांब गेलं, पण ओढीने ती कसर भरून काढली. आयनीभवन ऊर्जा ५७८ आणि ५७९, जवळपास तीच. आकार १४३ पिकोमीटरवरून वाढायच्या ऐवजी १३५ वर आला. (धातूंच्या त्रिज्या पुस्तकागणिक थोड्या बदलतात, कारण मोजायची पद्धत वेगळी असते. त्यावरून मित्राशी भांडू नकोस.) आणि हो, गॅलिअम २९.८ अंशांना वितळतं. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी कपाटात ठेवलंस तर संध्याकाळी पाणी.

हीच गोष्ट दोन मजले खाली, आणखी जोरात. झिर्कोनिअम १६० पिकोमीटर, त्याच्या खालचं हाफनिअम १५९. मध्ये चौदा एफ इलेक्ट्रॉन शिरलेत आणि ते डीपेक्षाही वाईट अडवतात. अणू दुपटीने जड, आकार तोच. म्हणून दोघं खनिजात एकत्र सापडतात आणि वेगळे करताना दमछाक होते. ती करावीच लागते, कारण अणुभट्टीच्या इंधननळ्यांना झिर्कोनिअम हवं आणि हाफनिअम न्यूट्रॉन गिळतं.

फ्लोरिन-क्लोरिन पटकन सांगते. इलेक्ट्रॉन आत घेताना क्लोरिनमधून ३४९ ऊर्जा बाहेर पडते, फ्लोरिनमधून ३२८. फ्लोरिनचं घर इतकं छोटं की पाहुणा आला की आधीच बसलेले सात जण कुरकुरतात. तरी फ्लोरिनच जास्त आक्रमक, कारण त्याच्या दोन अणूंमधला बंध लेचापेचा, १५८ चा. क्लोरिनचा २४२ चा. घर छोटं असण्याचे हे दोन्ही परिणाम.

आता बाबांचा प्रश्न. आणि त्याआधी एक चूक, जी बरीच मुलं करतात: "आयनीभवन ऊर्जा कमी म्हणजे क्रियाशील." नेहमी नाही. बाबा बोर्डो मिश्रण करतात ना, द्राक्षावरच्या डाऊनी रोगासाठी? एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट, त्यातच तांबं), एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. तयार झालं की विळ्याचं पातं त्यात बुडवून बघतात. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, तांबं अजून मोकळं आहे. तिथे लोखंड इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतंय आणि तांबं ते घेऊन पात्यावर बसतंय. आता तक्ता उघड. तांब्याची पहिली आयनीभवन ऊर्जा ७४५, लोखंडाची ७६२. या हिशेबाने तांब्याने आधी इलेक्ट्रॉन सोडायला हवा होता! पण पाण्यात जाताना दोन इलेक्ट्रॉन जावे लागतात, आणि दुसरा काढायला तांब्याला १९५८ लागतात, लोखंडाला १५६२. बेरीज केलीस की विळ्याचं कोडं बरंचसं सुटतं. उरलेलं उत्तर धातूतून अणू सुटा करण्यात आणि आयनाभोवती पाणी गोळा होण्यात आहे.

हे पाणी गोळा होणं तुमच्या बागेत फार महत्त्वाचं. सोडिअमचा उघडा आयन १०२ पिकोमीटर, पोटॅशिअमचा १३८. सारणीप्रमाणे अगदी बरोबर, खालचा मोठा. पण जमिनीत उघडा आयन फिरत नाही, पाण्याची गोधडी पांघरून फिरतो. लहान आयनावर प्रभार एकवटलेला, म्हणून तो पाणी जास्त ओढतो आणि त्याची गोधडी जाड होते. गोधडीसकट मोजलं तर सोडिअम ३५८ आणि पोटॅशिअम ३३१. क्रम उलटा झाला. लिथिअम, सगळ्यात चिमुकलं, गोधडीसकट सगळ्यात मोठं: ३८२.

काळ्या मातीच्या कणांवर ऋण प्रभार असतो. पोटॅशिअम पातळ गोधडीत कणाजवळ जातं आणि घट्ट बसतं. सोडिअमला जवळ जाता येत नाही, ते सैल राहतं, आणि कणांना एकमेकांपासून दूर ठेवतं. बोअरचं खारं पाणी वर्षानुवर्षं ठिबकमधून दिलेली बाग बघितली आहेस? पाणी वर तुंबतं, वाळलं की माती दगडासारखी होते, मुळ्या गुदमरतात. कण सुटे होऊन फटी बुजल्यात. म्हणून आम्ही जिप्सम (कॅल्शिअम सल्फेट) सुचवतो. कॅल्शिअमवर दोन प्रभार, ते सोडिअमला कणावरून उठवून जागा घेतं. मग चांगल्या पाण्याने सोडिअम खाली धुऊन काढायचं. जिप्सम टाकून पाणीच दिलं नाही तर उठवलेलं सोडिअम तिथेच फिरत राहतं. हा भाग लोक विसरतात आणि जिप्समला नावं ठेवतात.

तुमच्या हातात येणारा पानदेठाचा रिपोर्टही याच सारणीवर उभा आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर दीडेक महिन्याने पाचव्या पानाचे देठ आणता ना, ते आम्ही धुऊन, वाळवून, दळून, आम्लात विरघळवतो आणि ते पाणी ज्योतीत फवारतो. सोडिअम असेल तर ज्योत पिवळी, ५८९ नॅनोमीटर. पोटॅशिअम असेल तर फिकट जांभळी, आणि तिचा मोजायचा प्रकाश ७६६ नॅनोमीटरला, डोळ्याला दिसेल न दिसेल असा. बाहेरचा इलेक्ट्रॉन सैल असल्यामुळे गॅसच्या ज्योतीनेही तो वर उडी मारतो आणि खाली येताना प्रकाश सोडतो. मॅग्नेशिअमसाठी ही युक्ती चालत नाही, त्याचे इलेक्ट्रॉन घट्ट बांधलेले.

या सैलपणानेच मला एकदा चांगलं तोंडावर पाडलं. नोकरीच्या पहिल्या वर्षांतली गोष्ट. आमच्याकडे ॲसिटिलीनची ज्योत असलेलं मोठं यंत्र आलं होतं, आणि मी खुशीत होते. सिन्नरकडच्या एका विहिरीचं पाणी आलं. पोटॅशिअम बरंच दिसत होतं. सवयीप्रमाणे दहापट पातळ करून परत मोजलं आणि दहाने गुणलं, तर मूळ आकड्याशी जुळेना, चांगलाच कमी. पिपेट बदलली, फ्लास्क बदलले, मदतनीस मुलीवर उगाच चिडले. संध्याकाळी साहेब आले, माझे सगळे कागद बाजूला सारून म्हणाले, "पोटॅशिअमची आयनीभवन ऊर्जा किती?"

४१९. पाठ होती. पण ॲसिटिलीनची ज्योत तेवीसशे अंशांच्या आसपास तापते, आणि एवढ्या तापात पोटॅशिअम नुसतं उडी मारत नाही, इलेक्ट्रॉन सोडूनच देतं. आयन झालेला अणू ७६६ ला दिसत नाही. द्रावण जितकं पातळ, तितके जास्त अणू असे हरवतात. त्या पाण्यात सोडिअम भरपूर होतं. सोडिअमने सोडलेले इलेक्ट्रॉन पोटॅशिअमच्या आयनांना परत मिळत होते, म्हणून मूळ नमुना जास्त दाखवत होता. माझी प्रमाण द्रावणं (माहीत मापाची, ज्यांच्याशी नमुना ताडून बघतो ती) मात्र शुद्ध पोटॅशिअमची, त्यांना कुणी इलेक्ट्रॉन देणारं नव्हतं. दोन्ही आकडे चुकीचे होते.

उपाय गणातच होता, दोन घरं खाली. सीझिअम. आयनीभवन ऊर्जा ३७६, सगळ्यात कमी. (सगळ्यात खालच्या फ्रान्सिअमची थोडी जास्त आहे, ३९३. तिथे केंद्रक इतकं जड की सापेक्षतावादाचे परिणाम दिसायला लागतात. तुझ्या यादीत नसलेला अपवाद, घे.) नमुन्यात आणि प्रमाण द्रावणात सारखंच, लिटरला साधारण एक ग्रॅम सीझिअम घालायचं. ज्योतीत ते आधी आपले इलेक्ट्रॉन उधळतं, ज्योत इलेक्ट्रॉनांनी भरून जाते, आणि पोटॅशिअमला स्वतःचा सोडायची सोय राहत नाही. दुसऱ्या दिवशी घातलं. पातळ केलेला आणि मूळ, दोन्ही आकडे जुळले. ती बाटली आजही माझ्या टेबलाच्या उजव्या खणात असते. महाग आहे, म्हणून कुणाला हात लावू देत नाही.

बाबांना सांग, रिपोर्टमधला पोटॅशिअमचा आकडा या बाटलीशिवाय खरा येत नाही. आणि पुढच्या खेपेला देठ तोडशील तेव्हा घामेजल्या हाताने चोळू नकोस, कागदी पिशवीत घालून आण. त्यातलं सोडिअम बागेचं की तुझं, हे माझ्या यंत्राला कळत नाही.